एका जागेची दोन माणसं

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१८ सप्टेंबर

उल्हासमामा,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तू कानाला मशीन लावलंस की मला नुसती शिट्टी ऐकू येते. मागांच्या खडखडाटात जन्म काढलास, आता भाची काय बोलते ते ऐकायला कान उरले नाहीत. मोबाईलवर लिहिता आलं असतं, पण जे विचारायचं आहे ते ऑफिसचं आहे आणि अजून जाहीर व्हायचं आहे. मोबाईलवर लिहिलेलं कुठून कुठे जातं याचा मला आता भरवसा नाही. म्हणून तुमच्या गिरणीच्या टेम्पोचा रस्ता धरला. दर आठवड्याला तुमची ब्लँकेटं करोल बागेतल्या दुकानात येतात. तिथल्या गल्ल्यावरच्या काकांकडे हे ठेवते, ते परतीच्या टेम्पोत देतील. उत्तरही तसंच पाठव. मी मेट्रोने जाऊन घेऊन येईन, तेवढाच हवापालट. दिल्लीत हवेचा पालट कसला म्हणा.

तर काम असं. परदेशी ऑर्डरी आटल्या आणि पानिपतच्या गिरण्या अर्ध्यावर आल्या, हे तुला मी सांगायला नको. त्यावर उतारा म्हणून एक पॅकेज काढायचं चाललंय. पैसा ओतायचा, म्हणजे लोकांच्या हाताला काम राहील. पण ओततोच आहोत तर त्यातून धूरही कमी व्हावा, अशी वरची इच्छा आहे. इच्छा चांगली आहे. माझ्या टेबलावर आली की तिचे दोन रकाने होतात, एक नोकऱ्यांचा आणि एक उत्सर्जनाचा. तुमच्याकडच्या आखूड निघालेल्या ब्लँकेटासारखं आहे हे. डोकं झाकलं की पाय उघडे. उन्हाळ्यापासून मी एवढंच करतेय, आणि खरं सांगू का, कंटाळले आहे.

सगळं येऊन अडलंय रंगाई कारखान्यांच्या बॉयलरवर. कोळसा बंद झाल्यापासून तुम्ही भुसा आणि लाकूड जाळता. एक मार्ग असा की सगळ्यांना पाईपचा गॅस द्यायचा. धूर जवळजवळ संपतो, पण गॅस काही फावड्याने भट्टीत टाकावा लागत नाही, तेव्हा टाकणारी माणसं घरी बसतात. दुसरा मार्ग, भुशाचेच नवे बॉयलर द्यायचे, धूर गाळणाऱ्या यंत्रासकट. माणसं राहतात, पण थोडा धूरही राहतो. किती माणसं घरी बसतील, यावर काय ते ठरणार आहे.

सल्लागार कंपनीची मुलं पानिपतला जाऊन आली. मालकांनी त्यांना चहा पाजला आणि वाट्टेल ते सांगितलं. ज्यांना अनुदानाचा वास आला त्यांनी आकडा फुगवला, ज्यांना तपासणीचा आला त्यांनी आकसवला. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. बारावीला माझं गणित कच्चं आहे हे सगळ्या घरात तू एकट्याने तोंडावर सांगितलं होतंस. तर सांग, तुमच्या बॉयलरवर किती माणसं असतात?

निधी विचारते, मामाआजोबा कधी येणार. तिला तुझी पत्रं वाचता यावीत म्हणून मराठी शिकवायला घेतलीय, बघू किती दिवस टिकते.

तुझी,
रुचिरा


पानिपत
२७ सप्टेंबर

चि. रुचास,

तुला आयुष्य, आरोग्य आणि वेळेवर घरी सोडणारा साहेब लाभो.

टेम्पोवाल्याने पत्र हातात ठेवलं तेव्हा अख्खं रंगखातं माझ्याभोवती जमलं. मास्टरजींना कागदावरचं पत्र, म्हणजे नक्की कोणीतरी गेलं. मी म्हटलं, अरे भाचीचं आहे, ती दिल्लीत सरकार चालवते. तेव्हापासून मला चहा जरा जास्त दुधाचा मिळतो.

आमचं विचारशील तर रंगाचं काम आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस मी डबे पुसतो, नमुन्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा लावून ठेवतो. इतक्या वर्षांत या गावाची शांतता मी पहिल्यांदा ऐकली, म्हणजे ऐकू आली नाही, पायाला जाणवली. माग चालू असले की जमीन हलते. हल्ली हलत नाही. तुझी मामी पुण्याला पुष्करकडे नातवात रमलीय. रोज मेसेज करते, अजून किती दिवस चिकटून बसणार आहात? मी लिहितो, सीझन संपला की येतो. तिला माहीत आहे की सीझन सुरूच झालेला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बॉयलरवर चार माणसं. दोन दिवसा, दोन रात्री. आमच्या गल्लीतल्या सगळ्या रंगाईवाल्यांकडे हाच हिशोब आहे. आमच्यात मुख्य रामसुमेर, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा. त्याला वाफेचा काटा बघावा लागत नाही, भट्टीच्या आवाजावरून ओळखतो म्हणतो. माझ्यासारख्या बहिऱ्याला ते खरं की खोटं कसं कळणार?

धुराचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मी रंगाचा माणूस, पण पांढरा शर्ट घालायचा मी कधीच सोडून दिला. रामसुमेर खोकायला लागला की हातातलं फावडं बाजूला ठेवून खोकतो, इतका. तेव्हा जे काही आणाल ते लवकर आणा.

निधीला म्हणावं, मामाआजोबांचं अक्षर वाचता आलं तर मराठीच काय, मोडीसुद्धा येईल.

तुझा,
उल्हासमामा


लक्ष्मीबाई नगर
१ नोव्हेंबर

मामा,

दिवाळीचं ब्लँकेट पोचलं. जांभळा रंग कोणी निवडला ते विचारायला नको. निधीने ताबा घेतलाय, त्यामुळे मला अजून अंगावर घ्यायला मिळालेलं नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. तुझा जावई जयंत गुडगावला जाताना दोन मास्क घालून गेला आणि परत आल्यावर म्हणाला, यार, ऑफिसात शुद्ध हवेवर दिवसभर सेमिनार होता.

तुझं उत्तर अगदी वेळेवर आलं. सल्लागारांच्या यादीत जे कमीत कमी आकडे होते त्यांच्याशी तुझे चार बरोबर जुळले. म्हणजे बाकीच्यांनी फुगवलं होतं, हे उघड झालं. साहेबांना मी सांगितलं की जागेवरच्या, विश्वासाच्या माणसाकडून खात्री करून घेतलीय. ते म्हणाले, "बस मैडम, यही चाहिए था. चार ही आदमी हैं तो गैस में क्या दिक्कत है?"

आणि खरंच, दर बॉयलरमागे चारच असतील तर गणित सुटतं. गॅस द्यायचा. ज्यांचं काम जाईल त्यांना काही महिने पगार आणि नवीन कामाचं शिक्षण, तेवढा पैसा पॅकेजमध्ये बसतो. दोन्ही रकाने भरले, मामा! कितीतरी दिवसांनी मी सातच्या आत घरी आले आणि पिठलं केलं. निधीने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, आज काही नाही, आज आईला झोप येणार आहे.

रामसुमेरचा खोकला आता बरा होईल. त्याला सांग, गॅसला आवाज नसतो, काट्याकडे बघायची सवय कर.

नोट महिनाअखेर वर जाईल. तोवर कोणाजवळ बोलू नकोस.

रुचिरा


पानिपत
९ नोव्हेंबर

रुचा,

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. माझी चूक झालीय, आधी ती लिहितो, बाकीचं मागून.

तू विचारलंस, बॉयलरवर माणसं किती. मी लिहिलं चार. गिरणीत कोणालाही विचार, चारच सांगेल, आणि त्याच्या मनात पाप नसेल. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, जागा मोजतात. चार जागा. पण त्या भट्टीच्या आचेपुढे माणूस महिन्याच्या वर टिकत नाही. म्हणून मी यायच्या आधीपासूनची पद्धत आहे, प्रत्येक जागेला जोडी असते. एकाच गावची दोन माणसं. एक महिना हा भट्टीपुढे आणि तो गावी शेतावर, मग अदलाबदल. खाट एक, डबा एक, भिंतीवरचा आरसा एक. कागदावर नावसुद्धा एकच, जो आधी लागला त्याचं. पगार ज्याचा महिना त्याचा. मंदी आली, दोनदा गिरणी बंद पडायला आली, पण बॉयलरवरचा एकही माणूस गेला नाही, तो या जोडीमुळे.

रामसुमेरची जोडी म्हणजे हबीब. शेजारशेजारची घरं. गेटवरचा शिपाई हबीबलाही रामसुमेर म्हणूनच हाक मारतो, आणि हबीब ओ देतो. मागे त्याने ईदची सुटी मागितली तर आमचे मालक, छोटे सेठ, चक्रावले, "रामसुमेर को ईद की छुट्टी काहे की?" सगळं खातं हसलं. मीही हसलो. ते हसणं आता मला बोचतंय.

म्हणजे चार नाहीत, आठ आहेत. आणि आमच्याकडेच नाही, गल्लीभर दुप्पट आहेत. ज्यांनी तुमच्या मुलांना फुगवून सांगितलं असं तुला वाटलं, त्यांतले निम्मे बिचारे खरं बोलत होते. माझ्या चारामुळे ते खोटे पडले.

गॅस आला तर कागदावरच्या रामसुमेरला पगार मिळेल, शिक्षण मिळेल. हबीबला काय मिळेल? जो कामावर कधी नव्हताच त्याला नुकसानभरपाई कसली? भुशाचा बॉयलर आला तर दोघं राहतात. तेव्हा तुझ्या नोटेत आकडा दुप्पट कर.

पण आमच्या गिरणीचं नाव घेऊ नकोस, कुठल्याच गिरणीचं घेऊ नकोस. कागदावर नसलेला माणूस भट्टीपुढे उभा असतो हे कळलं की तपासणीवाला येईल, आणि पहिलं काम करेल ते हबीबला गेटाबाहेर काढण्याचं. मोज, पण दाखवू नकोस. हे कसं करायचं ते मला समजत नाही. तू काढ काहीतरी.

परवा टेम्पो निघेल, त्यात हे देतो. उत्तराची वाट बघतो.

उल्हासमामा


लक्ष्मीबाई नगर
३ डिसेंबर

मामा,

हे पोस्टाने पाठवतेय. करोल बागेत दोनदा विचारलं, पत्र नाही म्हणाले. एवढे दिवस तू गप्प कधी बसला नव्हतास. थंडी आहे, छाती भरली आहे का? मोबाईलवर निदान एक अंगठा तरी दाखव.

इकडची बातमी अशी की नोट वर गेली. वरून कोणी शंका काढली नाही, हे माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्यांदा झालं. तुझ्या चारांनी काम केलं मामा. साहेब म्हणाले, रुचिरा मैडम का नोट है, इसमें बिल्कुल कुछ छेड़ने की ज़रूरत नहीं.

मला आनंद व्हायला हवा. झालाही थोडा. पण बाहेर बघितलं की दुपारी चारला संध्याकाळ झालेली असते, डोळे चुरचुरतात, आणि वाटतं, आपण कागदावर जो धूर कमी केला तो नेमका कुठला? जाऊ दे. थकल्यावर माणूस असंच काहीबाही लिहितं.

निधी तुझं सप्टेंबरचं पत्र अडखळत वाचते. "चिकटून" म्हणजे काय विचारत होती. मी म्हटलं, मामाआजोबांना भेटलीस की कळेल.

रुचिरा


पानिपत
११ डिसेंबर

चि. रुचिरास आशीर्वाद.

तुझं पोस्टाने आलेलं पत्र मिळालं. माझी तब्येत चांगली आहे.

मी जे लिहिलं होतं त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, यावरून काय ते समजलो. तुला दोष देत नाही. नोकरी तुझी आहे, साहेब तुझे आहेत, आणि जे होण्यासारखं नव्हतं ते मी मागितलं. पण "तुझ्या चारांनी काम केलं" एवढं तरी लिहायला नको होतंस. ते मला लागलं.

रामसुमेरला मी सांगून बसलो होतो की भाचीला कळवलंय, होईल काहीतरी. या महिन्यात हबीब आहे. त्याने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. समोरून येतो, सलाम करतो आणि फावडं उचलतो.

निधीला अनेक आशीर्वाद. तिने मराठी सोडू नये.

उल्हासमामा


लक्ष्मीबाई नगर
२२ डिसेंबर

मामा, कुठलं पत्र?

तुझा कागद वाचून मी त्याच दुपारी ऑफिसातून उठले आणि करोल बागेत गेले. काका म्हणाले, महिनाभर पानिपतचा मालच नाही, तर पत्र कुठून येणार? हवा बिघडली आणि जुन्या डिझेलच्या गाड्यांना दिल्लीत बंदी लागली. तुमचा टेम्पो सीमेवर अडवला, ड्रायव्हरने गठ्ठे तिथल्याच कुंडली गावातल्या एका गोदामात उतरवले आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले. ब्लँकेटांचा डोंगर होता. गोदामवाल्याने हसत हसत चार गठ्ठे उसकटू दिले. पत्र दुसऱ्यात होतं, रंगांच्या नमुन्यांच्या पिशवीत. तिथेच एका गठ्ठ्यावर बसून वाचलं. ही बंदी ज्या नोटांवरून लागते तसल्या नोटा मीही लिहिल्या आहेत मामा, म्हणून टेम्पोवर रागवायचीसुद्धा सोय नव्हती.

तू माझ्याबद्दल जे समजलास ते समजायला तुला पूर्ण जागा होती. तरी मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत मी तुझं एक पत्र वाचून गिळून टाकीन असं तुला वाटलं कसं?

आता पुढचं. सोमवारी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, आकडा निम्मा आहे, नोट परत मागवावी लागेल. ते वाईट नाहीत, दीड वर्षात निवृत्त होतील, त्यांचेही डोळे लाल असतात. म्हणाले, "मैडम, फिगर दीजिए, कहानी मत दीजिए. किस यूनिट का है?" युनिट सांगितलं तर तू अडकतोस. नाही सांगितलं तर पुरावा नाही. मग म्हणाले, "नोट वापस मँगवाएँगे तो मार्च निकल जाएगा. पैसा लैप्स. फिर न गैस, न भूसा, न उन चार की तनख्वाह. आप तय कीजिए."

मी तोच आकडा पुन्हा सांगितला. शेवटी तेच म्हणाले, एक तळटीप घाला. घातली. "अदलाबदलीने काम करणाऱ्या कामगारांमुळे प्रत्यक्ष संख्या अधिक असू शकते." बारीक अक्षरात, सातव्या पानाच्या खाली. एवढंच झालं.

भांडायचं ठरवून गेले होते. अर्ध्या तासात तळटिपेवर तयार झाले. आणि परत येताना मेट्रोत माझ्या लक्षात आलं की खोलीतून बाहेर पडताना वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. हबीबला मी पाहिलेलं नाही. त्याला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
रुचिरा


पानिपत
३० डिसेंबर

रुचा,

म्हातारा झालो म्हणून वेडा व्हायलाच हवं असं नव्हतं. टेम्पो रिकामा परतला, म्हणून पत्र पोचलं असं धरून बसलो. पोस्टाने आणखी एक ओळ टाकून विचारता आलं असतं, "मिळालं का?" ते न विचारता फुगून बसलो. तुझी मामी म्हणते ते खरं, बहिऱ्या माणसाला स्वतःचंच बोलणं तेवढं ऐकू येतं.

तू चारांची तनख्वाह वाचवलीस. मी असतो तर तेच केलं असतं, आणि मलाही हायसंच वाटलं असतं. वाटू दे गं. दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाला ते खाली ठेवताना बरंच वाटतं, कुठे ठेवलं ते तो मागाहून बघतो.

हबीबला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा मामा


पानिपत
६ मे

चि. रुचास,

तुला उन्हाळाभर थंड पाणी आणि अधूनमधून सुटी मिळो.

सगळं उरकल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस लागले. गॅसचा बॉयलर एप्रिलात बसला. पोपटी रंगाचा आहे, कपाटाएवढा. बटण दाबलं की पेटतो. गच्चीवर वाळत घातलेली सुताची लड संध्याकाळी होती त्याच रंगाची सकाळी निघाली, हे मी या गावात पहिल्यांदा पाहिलं. मी पांढरा शर्ट शिवून घेतला. तुझ्या नोटेने हे केलं, हे आधी लिहितो, कारण तू ते विसरशील.

रामसुमेरला सर्टिफिकेटाचा कोर्स मिळाला. कोर्स कसला, तीन आठवडे पंख्याखाली बसून काट्याकडे बघायचं. आता गॅसवर तोच आहे. बाकीच्या तीन नावांना घरी बसून पगार मिळतोय, सहा महिने मिळेल. त्यांच्या जोड्यांनी तो आपसात अर्धा-अर्धा वाटून घेतला, कोणाला सांगावं लागलं नाही. रामसुमेरचं मात्र तसं जमेना. सर्टिफिकेटावर त्याचा फोटो आहे. या जागेवर पहिल्यांदाच माणसाचा चेहरा लागला, त्यामुळे हबीबला रामसुमेर म्हणून आत येता येईना. तो महिनाभर गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. गावी का जात नाहीस विचारलं, तर म्हणाला, "मास्टरजी, बारी तो मेरी ही है." त्याचा महिना होता गं. तो आपला महिना भरत होता.

मी तीन दिवस त्या टपरीला वळसा घालून गेलो. चौथ्या दिवशी छोट्या सेठकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या जागेला जोडी द्या. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी समजावलं, काम अर्ध्यावर आहे, तेव्हा तुम्हाला मीही अर्धाच लागतो. मी माझ्या महिन्यात सगळ्या रंगांची मापं काढून, डबे भरून ठेवीन. पुढच्या महिन्यात रंगाच्या कुंडांवर उभं राहायला वाफ कळणारा माणूस पाहिजे, तो टपरीवर बसलाय. पगार ज्याचा महिना त्याचा. खर्च वाढत नाही म्हटल्यावर सेठ कशाला नाही म्हणतील?

तर या महिन्यापासून रंगखात्यात हबीब आहे. कागदावर नाव माझंच. पहिल्या दिवशी गेटवरच्या शिपायाने त्याला बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आइए मास्टरजी." हबीबने ओ दिली. मी गेटाबाहेर उभा होतो. ऐकू आलं नाही, पण दोघांचे ओठ दिसले. मला रडू आलं, का ते अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हा तुझ्या साहेबांना खुशाल सांग, धूर गेला आणि आमच्या बॉयलरवरून कोणी उपाशी गेलं नाही. आकडे जुळतात. एक म्हातारा अर्धा झाला, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. सातव्या पानाच्या खाली तू जी ओळ घातलीस ना, संख्या अधिक असू शकते, त्या अधिकात आता मीही आहे. माझी कुरकुर नाही. नुसता थकवा आहे, आणि तो काही आजचा नाही.

हा महिना माझा सुटीचा. मामीला कळवलंय की तुला आता एका महिन्याआड नवरा मिळेल. तिने उत्तरात फक्त पुष्करकडे किती जिने चढावे लागतात ते लिहिलं. पुण्याला जाण्याआधी तुझ्याकडे चार दिवस राहीन म्हणतो. शुक्रवारी येतो, गाडीने, टेम्पोने नाही. स्टेशनवर येऊ नकोस. निधीसाठी दुसरं ब्लँकेट आणतोय, म्हणजे जांभळं तुला मिळेल. मे महिन्यात ब्लँकेट काय करायचं ते विचारू नकोस, इथे दुसरं काही मिळत नाही.

आणि एक. तुमची बेल वाजली की नाही ते मला कळत नाही. मागच्या वेळी मी वाजवतच राहिलो आणि शेजारचे बाहेर आले. तेव्हा शुक्रवारी दार उघडंच ठेव.

उल्हासमामा